गाळाने वाचवलेले बंदर : होई आनची सायकलफेरी

सकाळचे नऊ वाजायला आले, की व्हिएतनाममधील होई आन शहराच्या जुन्या पेठेच्या तोंडाशी अडथळे लावले जातात. तोवर अरुंद रस्त्यांवरून फटफटत जाणाऱ्या मोटारसायकली तिथेच थांबतात. कोणी इंजिन बंद करून गाडी हाताने ढकलत घरापर्यंत नेतो, तर कोणी बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून निघून जातो. त्यानंतर आत शिरायची मुभा दोघांनाच असते : पायी चालणाऱ्याला आणि सायकलस्वाराला. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी तीनपासून रात्री साडेनऊच्या सुमारापर्यंत हा नियम असतो. परदेशप्रवासात सायकलला एवढा मान मिळाल्याचे प्रस्तुत प्रतिनिधीने दुसरीकडे क्वचितच पाहिले.

मार्च महिन्यातले तीन दिवस या शहरात घालवले, ते बहुतांशी सायकलवर. जुनी पेठ पाहायला खरे तर सायकलची गरज नाही. ती पायी दोन-तीन तासांत पाहून होते. बहुतेक पर्यटक तेवढीच पाहतात, नदीकाठच्या कंदिलांची छायाचित्रे काढतात आणि दा नांगकडे परततात. मात्र ही पेठ इथेच का उभी राहिली, ती ओस का पडली आणि ओस पडूनही शाबूत कशी राहिली, या प्रश्नांची उत्तरे पेठेत मिळत नाहीत. ती भोवतालच्या चार-पाच किलोमीटरच्या परिघात, भातशेतांत, कुंभारवाड्यात आणि नदीच्या मुखाशी विखुरलेली आहेत. पायी जाण्यास ही अंतरे लांब पडतात आणि बसच्या खिडकीतून काही दिसत नाही. इथे सायकलच कामी येते.

पुढे दुकान, मागे नदी

होई आन हे मध्य व्हिएतनाममधले, थू बोन नदीच्या उत्तर काठावर, समुद्रापासून थोडे आत वसलेले जुने बंदर. दा नांग तेथून सुमारे तीस किलोमीटर उत्तरेला आहे. युरोपीय व्यापारी या बंदराला ‘फायफो’ म्हणत. युनेस्कोने डिसेंबर १९९९ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. संरक्षित क्षेत्र जेमतेम तीस हेक्टरांचे असून त्यात लाकडी सांगाड्याच्या ११०७ इमारती असल्याची नोंद आहे.

इथले घर अरुंद आणि लांबलचक असते. दर्शनी भागात दुकान, मध्ये उघडा चौक, त्यामागे राहण्याच्या खोल्या आणि पार शेवटी नदीच्या बाजूला उघडणारे दार, अशी त्याची रचना. मागच्या दाराने होडीतला माल आत घ्यायचा आणि पुढच्या दाराने विकायचा. फुंग हुंग या अठराव्या शतकातील घरात वरच्या मजल्याच्या फळ्यांमध्ये चौकोनी झडप ठेवलेली दिसते. नदीला पूर आला, की खालचा माल त्यातून भराभर माळ्यावर ओढून घेता येई. तान की या दुसऱ्या जुन्या घराच्या भिंतीवर पुरांच्या खुणा वर्षांसह नोंदवल्या आहेत. त्यात १९६४ च्या पुराची खूण डोक्याच्याही वर आहे. घर दाखवणारी मुलगी एकेका खुणेवर बोट ठेवत केवळ साल सांगत होती. तिला त्यात नवल वाटत नव्हते. पूर येणार हे गृहीत धरूनच ही पेठ बांधली गेली आहे.

वाऱ्याने आणलेले पाहुणे

होई आनचा व्यापार वाऱ्यावर चाले. हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले, की चीन आणि जपानकडून गलबते दक्षिणेस येत. परतीसाठी मात्र उन्हाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यांची वाट पाहावी लागे. मध्ये काही महिने हातात असत. रेशीम, साखर, चिनी मातीची भांडी, मिरी, अगरूचे सुगंधी लाकूड अशा मालाची खरेदी-विक्री या काळात चाले. व्यापाऱ्याला तोवर राहायला घर लागे, माल ठेवायला वखार लागे आणि संकटकाळी जातभाईंचा आधार लागे. चिनी व्यापाऱ्यांनी आपापल्या प्रांतांच्या नावाने बांधलेली सभागृहे अशा गरजेतून उभी राहिली. फुजियान प्रांताच्या सभागृहात समुद्रावर रक्षण करणाऱ्या देवीची पूजा आजही होते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या मुलखावर ग्वेन घराण्याच्या सरदारांची सत्ता होती. उत्तरेतल्या प्रतिस्पर्ध्यांशी लढायला त्यांना पैसा आणि शस्त्रे हवी होती, म्हणून त्यांनी परदेशी व्यापाऱ्यांना मोकळीक दिली. १६१८ ते १६२२ या काळात या भागात राहिलेला इटालियन जेझुइट धर्मोपदेशक क्रिस्तोफोरो बोरी याने फायफोचे वर्णन जणू दोन शहरे, एक चिनी आणि दुसरे जपानी, असे करून ठेवले आहे.

या दोन वस्त्यांच्या सीमेवर ओढ्यावरचा छप्पर असलेला जपानी पूल आहे. व्हिएतनामच्या वीस हजार डोंगच्या नोटेवर त्याचेच चित्र आहे. लांबी सुमारे अठरा मीटर. एका टोकाला माकडाच्या आणि दुसऱ्या टोकाला कुत्र्याच्या मूर्ती. १७१९ मध्ये ग्वेन फुक चू या सत्ताधीशाने त्याला ‘दूरच्या पाहुण्यांचा पूल’ अशा अर्थाचे नाव दिले. पुलाविषयीची एक कथा भारतीय पर्यटकाला थबकायला लावते. भूगर्भात एक महाकाय प्राणी आहे. त्याचे डोके भारतात, शेपूट जपानमध्ये आणि धड व्हिएतनाममध्ये. तो हलला, की भूकंप होतो. त्याला जखडून ठेवण्यासाठी त्याच्या पाठीवर हा पूल उभारला, असे सांगतात. होई आनच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले जग या कथेत मावले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हाती घेतलेल्या दुरुस्तीनंतर पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला, तेव्हा त्याचे रंग फार उजळ झाले, अशी टीका देशभर झाली.

भातशेतातील कबर

पेठ सोडून उत्तरेला समुद्राकडे निघाले, की दहा-पंधरा मिनिटांत घरे विरळ होतात आणि दोन्ही बाजूंना भातशेती सुरू होते. मुख्य रस्त्यावरून बांधावरच्या पायवाटेला वळायचे. सायकल हाताने धरून थोडे चालल्यावर शेताच्या मधोमध एक जुनी कबर लागते. तानी याजिरोबेई या जपानी व्यापाऱ्याची ही कबर १६४७ ची आहे.

१६३५ मध्ये जपानच्या शोगुनने आपल्या प्रजेला परदेशी जाण्यास बंदी केली. होई आनमधल्या जपानी वस्तीचा बहर त्यानंतर ओसरू लागला. तानी मायदेशी निघाला होता. पण होई आनमधल्या प्रेयसीसाठी तो परत फिरला आणि इथेच मरण पावला, अशी स्थानिक कथा आहे. कबरीचे तोंड ईशान्येला, म्हणजे जपानच्या दिशेला केलेले आहे. बरोबर कोणी मार्गदर्शक नव्हता, तिकीटही नव्हते. शेजारच्या वाफ्यात एक शेतकरीण वाकून काम करत होती. जपानी पुलावर माणसांची रेटारेटी पाहिलेल्या प्रवाशाला त्याच जपानी वस्तीचा शेवट इथे इतक्या शांतपणे भेटतो. सायकल नसती, तर हे ठिकाण यादीतून सहज गळले असते.

माती, लाकूड आणि भाजी

पेठेतली घरे कशाची बनली, हे पाहायचे तर नदीकाठाने पश्चिमेकडे सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या थान हा या कुंभारांच्या गावी जावे. नदीकाठच्या मातीतून इथे भांडी, विटा आणि कौले घडवली जात. एक बाई उभ्याने पायाने चाक फिरवते आणि दुसरी त्यावर मातीला आकार देते, अशी इथली जुनी पद्धत आहे. पेठेतल्या छपरांवरची एकाआड एक उपडी-उताणी बसवलेली कौले पाहून कोकणातल्या नळीच्या कौलांची आठवण येते.

नदीपलीकडे काम किम बेटावर किम बोंग हे सुतारांचे गाव आहे. पूर्वी तिथे होडीनेच जात असत, आता पुलावरून सायकलही जाते. पेठेतल्या खांबांवरचे आणि तुळयांवरचे कोरीव काम या गावच्या कारागिरांचे. ह्यू येथील राजवाड्याच्या कामावरही इथले सुतार गेले होते. गलबते बांधणारे आणि घरे बांधणारे हात एकाच गावातले होते.

तिसरे गाव त्रा क्वे, पेठेच्या ईशान्येला तीन किलोमीटरच्या आत. इथले वाफे रांगोळीसारखे आखीव आहेत. तुळस, पुदिना, लेट्यूस, कांद्याची पात असा पाला इथे पिकतो. खत म्हणून जवळच्या पाण्यातले शेवाळ मातीत मिसळतात. खांद्यावरच्या काठीला दोन झाऱ्या अडकवून दोन ओळींना एकदम पाणी घालणारे शेतकरी सकाळी नि संध्याकाळी दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२४ मध्ये सर्वोत्तम पर्यटन गावांच्या यादीत त्रा क्वेचा समावेश केला. काव लाव हा होई आनचा खास शेवयांचा पदार्थ. त्यावर पसरलेला ताजा पाला बहुधा याच वाफ्यांतला असतो. या शेवयांसाठी पेठेतल्या बा ले विहिरीचेच पाणी हवे, असे जुने लोक सांगतात. ही चौकोनी विहीर ग्वेन सरदारांच्याही आधीच्या चाम काळातली मानली जाते.

चाम राजे शिवभक्त होते. होई आनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर मी सोन येथे त्यांनी विटांची मंदिरे उभारली आणि संस्कृत शिलालेख कोरले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने अलीकडच्या वर्षांत तिथे संवर्धनाचे काम केले. त्याच कामात २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. मी सोनला मात्र बसने जाणेच बरे. तेवढी मजल भाड्याच्या सायकलवर मारण्याचे धाडस करू नये.

बंदर बुडाले, शहर वाचले

एवढे गजबजलेले बंदर ओस का पडले? थू बोन नदी डोंगरातून वाळू आणि गाळ आणते. शतकानुशतके हा गाळ पात्रात आणि मुखाशी साठत गेला. अठराव्या शतकाच्या अखेरच्या युद्धांनी व्यापाराला मोठा तडाखा दिला होताच. एकोणिसाव्या शतकात जहाजे मोठी झाली, त्यांना खोल पाणी हवे होते आणि नदी उथळ होत चालली होती. फ्रेंच वसाहतवाद्यांनी खोल उपसागराकाठचे दा नांग निवडले. बंदराची कचेरी, गोद्या, रेल्वे, पैसा सारे तिकडे गेले आणि होई आन मागे राहिले.

मागे राहिले म्हणूनच ते वाचले. जिथे पैसा येतो तिथे जुनी घरे पाडून नवी उभी राहतात. होई आनमध्ये पाडण्याइतका पैसाच नव्हता. विसाव्या शतकातील युद्धातही शहर मोठ्या विध्वंसातून बचावले. पुढे मी सोनच्या संवर्धनासाठी आलेले पोलंडचे वास्तुविशारद काझिमिएझ क्व्याटकोव्स्की यांनी या विस्मृत पेठेचे मोल ओळखले. ती जतन व्हावी म्हणून त्यांनी ध्यास घेतला. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. जागतिक वारशाचा दर्जा त्यानंतर दोन वर्षांनी मिळाला. पेठेत त्यांचे स्मारक आहे. बहुतेक पर्यटक त्यावरून नजर न टाकता पुढे जातात.

इतिहासाचा आणखी एक फेरा पाहा. जुलै २०२५ मध्ये क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन करण्यात आला. ज्या बंदराने होई आनचा व्यापार नेला, त्याच शहराचा होई आन आता प्रशासकीयदृष्ट्या भाग झाले आहे.

आता वाळूच कमी पडते

शेवटच्या दिवशी पूर्वेला पाच किलोमीटरवरच्या कुआ दाईला गेलो. थू बोन इथे समुद्राला मिळते. जुन्या छायाचित्रांत इथे रुंद पांढरी पुळण दिसते. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी वाळूने भरलेल्या मोठ्या पिशव्यांची भिंत आणि तिच्यावर आपटणाऱ्या लाटा होत्या. विशेषतः २०१४ पासून या किनाऱ्याची धूप वेगाने झाली आहे.

कारणे गुंतागुंतीची आहेत. पण एक धागा नदीपाशी जातो. या शतकात वरच्या खोऱ्यात जलविद्युत धरणे झाली आणि वाळू तिथे अडू लागली. बांधकामासाठी नदीपात्रातील वाळूचा उपसाही वाढला. लाटा किनाऱ्याची वाळू नेतात आणि नदी नवी वाळू आणून ती तूट भरून काढते, असे हे चक्र असते. नदीकडून येणारी वाळू घटली, की लाटांचे काम तेवढे चालू राहते. त्यात किनाऱ्यालगत हॉटेले उभी राहिल्याने समुद्राला पुढे-मागे सरकायला जागा उरली नाही. ज्या गाळाच्या अतिरेकाने बंदर संपवले, त्याच गाळाची आता टंचाई आहे.

पूर मात्र कमी झालेले नाहीत. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या महापुरात पेठेतल्या रस्त्यांवर होड्या फिरत होत्या. माल माळ्यावर ओढून घेण्याची जुनी युक्ती तेव्हाही कामाची होती. अडचण अशी, की माळ्याची सवय असलेली माणसे पेठेत कमी होत आहेत. अनेक घरांचा दर्शनी भाग शिंप्यांच्या, कंदिलांच्या आणि कॉफीच्या दुकानांना भाड्याने गेला आहे आणि कित्येक कुटुंबे बाहेरच्या नव्या वस्तीत राहायला गेली आहेत. विस्मृतीने राखलेल्या शहराला आता प्रसिद्धी पेलायची आहे.

सायकल घेणाऱ्यांसाठी

निवासगृहांत सायकल बहुधा फुकट किंवा नाममात्र भाड्याने मिळते. ती साधी, बिनगिअरची आणि पुढे टोपली लावलेली असते. प्रदेश सपाट असल्याने तेवढी पुरते. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक, चाकांतली हवा आणि सीटची उंची तपासावी. कुलूप मागून घ्यावे.

व्हिएतनाममध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे विसरू नये. सरळ रस्त्यावर ते लक्षात राहते; घोटाळा वळणावर होतो. पहिल्याच दिवशी डावीकडे वळताना प्रस्तुत प्रतिनिधी सवयीने डाव्या कडेला गेला आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलींच्या थव्यापुढे उभा ठाकला. कोणी ओरडले नाही. सगळे शांतपणे दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेले. भर चौकात डावे वळण घेण्याऐवजी उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणे केव्हाही चांगले.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा. मे ते ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, तर साधारण सप्टेंबर ते डिसेंबर पावसाचा. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुराची शक्यता मोठी. कोणत्याही महिन्यात सकाळी सहाला निघून दहापर्यंत परतावे आणि पुन्हा चारनंतर निघावे. पहिल्या दिवशी थान हा आणि किम बोंग, दुसऱ्या दिवशी तानीची कबर, त्रा क्वे आणि आन बांगचा किनारा, तिसऱ्या दिवशी कुआ दाई आणि वाटेतले काम थानचे निपा ताडांचे पाणवन, अशी आखणी करता येते. सायंकाळच्या गर्दीत पेठेतून सायकल चालवू नये. नियमाने मुभा असली तरी ढकलतच न्यावी. शेताच्या बांधावरही तसेच, कारण ती कोणाची तरी रोजची वाट असते.

निघण्याच्या दिवशी सायकल परत केली, तेव्हा निवासगृहाच्या आजींनी आधी टायर दाबून पाहिले आणि मग चाकाला लागलेली वाळू बोटाने पुसून ‘कुआ दाई?’ एवढेच विचारले. मान हलवताच त्यांनी दोन्ही हात फैलावून दाखवले आणि मग ते हळूहळू जवळ आणले. पुळण पूर्वी केवढी होती आणि आता केवढी उरली, हे सांगायला त्यांना भाषेची गरज पडली नाही.